देवनी करनी आणि दुकानदाराची करनी

आलेला प्रश्न थोडक्यात असा. चोपडा तालुक्यातल्या एका तरुणाच्या मामांनी गेल्या खरिपात ठिबकवर कपाशी लावली. शेजारच्या शेतात त्याच आठवड्यात लावलेली कपाशी जोमात आली, मामांच्या शेतात मात्र ओळीच्या ओळी रिकाम्या राहिल्या. दुबार लागवड करावी लागली. पाकिटं बोगस होती, हे पुढे दुकानदाराच्याच तोंडून निघालं. मामा माळकरी. ‘देवनी करनी’ म्हणून त्यांनी तक्रार करायला नकार दिला. भाचा चिडला आणि म्हणाला, देव-बिव काही नसतो. त्यावर मामा म्हणाले, देव नसेल तर चांगलं-वाईट ठरवणार कोण? पुण्यात मेंदूविज्ञान शिकणारा एक मित्र सोबत होता. त्याने तिसरंच काढलं: माणसाला इच्छास्वातंत्र्य नसतंच, मेंदू आधी ठरवतो आणि आपल्याला मागाहून कळतं, तेव्हा दुकानदाराला दोष देणंच अशास्त्रीय आहे. गावात हरिनाम सप्ताह चालू होता, मांडवात रात्री उशिरापर्यंत वाद झाला. भाच्याने विचारलंय, तिघांपैकी बरोबर कोण, आणि असा वाद घालावा तरी कसा?

खानदेशातल्या महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि हे तीन प्रश्न एकमेकांत अडकलेले मी वर्गात, पारावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकलेत. तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. मामा आणि मित्र एकमेकांच्या विरुद्ध टोकाला बसलेत असं तुम्हाला वाटतंय. पण दोघं पोचले कुठे ते बघा. मामांच्या हिशेबात करणारा देव, मित्राच्या हिशेबात करणारा मेंदू, आणि दोन्ही हिशेबांत दुकानदार मोकळा. एक पोथी घेऊन निघाला, दुसरा संशोधनाचे निबंध घेऊन, आणि दोघं एकाच माणसाला दोषातून सोडवून आले. माझ्या मते खरी चूक इथे आहे, आणि ती देव मानण्या-न मानण्याच्या आधीची आहे.

ही चूक जुनी आहे. बुद्धाच्या काळात मक्खली गोसाल नावाचा आजीवक, म्हणजे नियती मानणाऱ्या संन्यासी पंथाचा, आचार्य होता. सामञ्ञफलसुत्त या पाली बौद्ध ग्रंथात राजा अजातशत्रू त्याचं मत सांगतो: प्राण्यांच्या शुद्धीला काही कारण नाही, अशुद्धीलाही नाही, पुरुषार्थ म्हणून काही नसतो. सुताचा गुंडा फेकला की तो जसा संपेपर्यंत उलगडत जातो, तसे मूर्ख आणि शहाणे दोघंही 84 लाख महाकल्प, म्हणजे अफाट लांब युगं, फिरून आपोआप दुःखातून सुटतात. गोसालाच्या या मतात देव कुठेच नाही, आहे ती फक्त नियती. म्हणजे ‘सगळं आधीच ठरलेलं आहे’ असं म्हणायला ना देव लागतो, ना मेंदूचा आलेख. आणि त्याला कडाडून विरोध करणाऱ्या बुद्धानेही जगाचा कर्ता असा ईश्वर मानला नव्हता. तरी माणसाच्या प्रयत्नाला, त्याच्या चेतनेला म्हणजे हेतूला, त्याने सगळ्यात वरची जागा दिली. आपल्याच मातीत या प्रश्नाची इतकी मोठी परंपरा असताना वाद ‘देव आहे की नाही’ एवढ्यावर येऊन अडकतो, याचं मला वाईट वाटतं.

आता मामांकडे वळू. त्यांच्याशी देवावरून भांडू नका. त्यांच्याच ग्रंथाला धरून बोला, कारण तो ग्रंथ त्यांच्या बाजूने तितकासा नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात चौदावा श्लोक आहे. कुठलंही काम घडायला पाच कारणं लागतात असं तो सांगतो: अधिष्ठान म्हणजे जागा, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवं दैव. पाचवं, एकुलतं एक नव्हे. मामांचीच कपाशी घ्या. शेत आहे, ठिबक आहे, मामांची आणि मजुरांची मेहनत आहे, पाऊस किती पडला आणि कधी पडला हे दैव आहे. आणि पाकीट विकणारा हा एक कर्ता आहे. मे महिन्यात वादळ येऊन केळीचा उभा बाग आडवा होतो, तेव्हा ‘देवनी करनी’ म्हणणाऱ्या माणसाशी मी कधीच वाद घालणार नाही. रावेर-यावलमध्ये घड लागलेल्या केळी जमिनीवर लोळलेल्या पाहून बांधावर बसलेला शेतकरी ज्यांनी पाहिलाय, त्यांना ते शब्द कशासाठी असतात हे माहीत आहे. तिथे दुसरा कर्ताच नाही, आणि ते शब्द माणसाला पुन्हा उभं राहायला बळ देतात. पण वादळाला लावलेलं वाक्य बोगस पाकिटाला लावलं, की चार कारणं पुसली जातात आणि सगळं पाचव्यावर ढकललं जातं. मग फसवणारा आणि वारा यांच्यात फरकच उरत नाही.

मामा त्याच अध्यायातला एकसष्टावा श्लोक पुढे करतील: ईश्वर सर्वांच्या हृदयात बसून यंत्रावर चढवल्यासारखं सगळ्यांना फिरवतो. श्लोक खरा आहे, आणि नुसता एवढाच वाचला तर मामांचं म्हणणंही खरं. पण दोनच श्लोक पुढे, त्रेसष्टाव्यात, श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो: याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसं कर. यथेच्छसि तथा कुरु. ज्याला निवडच करता येत नाही त्याला ‘विचार कर’ म्हणून कोण सांगेल? हे दोन श्लोक इतके जवळ का आहेत, यावर भाष्यकारांनी भरपूर लिहिलंय. मला कळतं ते इतकंच की एकाच्या जोरावर दुसरा पुसता येत नाही.

देव सगळं चालवतो, तर एकाचं भलं आणि दुसऱ्याचं वाटोळं करणारा देव पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का, ही शंकाही जुनीच. ब्रह्मसूत्रात दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात तिचं उत्तर आहे, आणि शंकराचार्यांनी तिथे पावसाचा दृष्टान्त दिला आहे. पाऊस भाताला आणि जवाला सारखाच पडतो. भात भात का होतो आणि जव जव का, याचं कारण पावसात नसतं, त्या त्या बीजात असतं. ईश्वर तसा साधारण, म्हणजे सगळ्यांना सारखं लागू होणारं, कारण आहे. मामांच्या शेतात आणि शेजारच्या शेतात पाऊस एकच पडला. आचार्यांचाच दृष्टान्त घेतला तर मामांनी बोट बियाण्याकडे दाखवायला हवं.

इथे मामा म्हणू शकतात की आचार्यांनी ‘बीज’ म्हटलं ते प्राण्यांच्या कर्माला, आणि बोगस पाकीट माझ्याच वाट्याला आलं ते माझ्या मागच्या कर्मामुळे. ही हरकत योग्य आहे. पण कर्मसिद्धान्तातच संचित म्हणजे मागचं साठलेलं, प्रारब्ध म्हणजे त्यातलं आता भोगायला आलेलं आणि क्रियमाण म्हणजे आत्ता करतोय ते, असे तीन भाग आहेत. मामांना नुकसान झालं हे त्यांचं प्रारब्ध मानलं, तरी दुकानदाराने पाकीट विकलं ते त्याचं क्रियमाण, ताजं कर्म. सोसणाऱ्याच्या प्रारब्धाने करणाऱ्याचं पाप धुऊन निघतं, असं कुठलंही शास्त्र सांगत नाही. सांगितलं असतं तर चोरी, खून, काहीच पाप उरलं नसतं, कारण प्रत्येक बळीचं काही ना काही प्रारब्ध काढून दाखवता आलं असतं. हे मी जरा जोर देऊन लिहितोय, कारण ‘त्याचं मागच्या जन्मीचं’ हे वाक्य आपल्याकडे फार लोकांच्या विरोधात वापरलं गेलंय. खालच्या मानलेल्या जातीत जन्मलेल्यांना, टाकून दिलेल्या बायकांना, कर्जात बुडालेल्यांना हेच ऐकवलं गेलं. ऐकवणाऱ्याला त्याची किंमत कधीच द्यावी लागली नाही.

आणि कर्मसिद्धान्त मुळात स्वातंत्र्य धरूनच चालतो. उद्याचं फळ आजच्या कर्मावर ठरणार असेल, तर आजचं कर्म माझ्या हातात असलं पाहिजे. याज्ञवल्क्यस्मृतीत याचं सरळ वाक्य आहे: एका चाकाने रथ चालत नाही, तसं पुरुषकाराशिवाय, म्हणजे माणसाच्या प्रयत्नाशिवाय, दैव सिद्ध होत नाही.

आता मित्राकडे. त्याचं म्हणणं उडवून लावू नका, त्यात अभ्यास आहे. तो बहुधा बेंजामिन लिबेट या मेंदूशास्त्रज्ञाच्या 1983 मधल्या प्रयोगाबद्दल बोलतोय. माणसांना खुर्चीत बसवलं, समोर घड्याळासारख्या तबकडीवर एक ठिपका फिरत होता. मनात येईल तेव्हा हात हलवा, आणि ‘आता हलवावा’ असं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता ते सांगा, एवढंच काम. हात हलण्याच्या साधारण 550 मिलिसेकंद आधी मेंदूत विद्युत हालचाल वाढायला लागलेली दिसली, आणि इच्छा झाल्याची वेळ लोकांनी सांगितली ती हात हलण्याच्या सुमारे 200 मिलिसेकंद आधीची. म्हणजे मेंदू आधी आणि जाणीव नंतर. 2008 मध्ये मेंदूची चित्रं काढून केलेल्या एका प्रयोगात, माणूस डावं बटण दाबणार की उजवं, याचा अंदाज काही सेकंद आधी बांधता आला. पण तो अंदाज साधारण 60 टक्के वेळा बरोबर यायचा. नाणं उडवूनही 50 टक्के बरोबर येतं, हे मित्राला आठवणीने सांगा.

लिबेटच्या आलेखावरही पुढे मोठी शंका घेतली गेली. 2012 मध्ये आरोन शुर्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूत सतत बारीक चढउतार चालूच असतात, आणि हात हलवायला काहीच कारण नसेल तेव्हा तो चढउतार एका पातळीच्या वर गेला की हात हलतो. हात हलला तो क्षण धरून मागे मोजत सगळ्या नोंदींची सरासरी काढली, तर ‘आधीच ठरलेलं होतं’ असा चढ आपोआप दिसतो. खुद्द लिबेटसुद्धा माणसाला स्वातंत्र्यच नाही असं म्हणाला नव्हता. शेवटच्या क्षणी हालचाल रोखण्याची मुभा जाणिवेकडे असते, असं त्याचं मत होतं.

पण समजा, उद्या विज्ञानाने पक्कं सिद्ध केलं की प्रत्येक निर्णयामागे मेंदूतली कारणं असतात. माझं म्हणणं आहे की त्याने दुकानदाराची सुटका होत नाही. कारण सांगणं वेगळं, निर्दोष ठरवणं वेगळं. निर्णयाला कारण होतं एवढ्याने काही सुटत नाही. ते कारण माणसाच्या समजुतीतून आलं की समजुतीला बाजूला सारून आलं, हे विचारावं लागतं. झटका आलेल्या माणसाचा हात लागून कोणाचं डोकं फुटलं, तर आपण त्याला गुन्हेगार म्हणत नाही. त्याच्या हाताच्या हालचालीत त्याच्या समजुतीचा काही भागच नव्हता. कायदाही हेच बघतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 22, पूर्वीच्या दंडसंहितेतलं कलम 84, मनोविकारामुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे ज्याला कळतच नव्हतं त्याला सोडतं. सात वर्षांखालच्या मुलाला कलम 20 सोडतं. विश्व नियत आहे की नाही, हे न्यायालय कुठेच विचारत नाही. या माणसाला कळत होतं का, आणि कळल्यावर वागणं बदलता येत होतं का, एवढं विचारतं. मला जे इच्छास्वातंत्र्य महत्त्वाचं वाटतं ते हेच, आणि ते कारणांच्या जगात सुखाने राहू शकतं. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने अठराव्या शतकात साधारण हीच दिशा दाखवली होती.

या कसोटीवर तुमच्या दुकानदाराला घासून बघा. तुम्ही लिहिलंय की मामांना त्याने पाकिटं दिली आणि ‘बिल नंतर देतो’ म्हणाला. गावातल्या एका शिक्षकांना मात्र त्याच दिवशी दुसऱ्या लॉटची पाकिटं दिली आणि पक्कं बिलही दिलं. तुमच्या पत्रातल्या या दोन ओळी मित्राच्या सगळ्या निबंधांपेक्षा मला जास्त बोलक्या वाटल्या. कोण तक्रार करेल आणि कोण ‘देवनी करनी’ म्हणून गप्प बसेल, याचा त्याने हिशेब केला होता. कृषी अधिकारी दुकानात उभे असते तर त्याने तो माल काढलाच नसता. म्हणजे परिणाम बघून वागणं बदलायची ताकद त्याच्याकडे होती, आणि ती त्याने वापरलीसुद्धा, मामांना फसवण्यासाठी. त्याच्या मेंदूने ठरवलं? ठरवलंच. पण तो मेंदू त्याचाच, आणि ठरवताना काय काय बघायचं हेही त्याच मेंदूने ठरवलं.

दोष ठरवताना तरतम भाव ठेवायला हवा, इथे मात्र मित्राची बाजू मला पटते. दुकानदारावर वरून माल खपवायचा दबाव असेल, त्याचीही उधारी कुठे अडकली असेल. हे सगळं बघून शिक्षा कमी-जास्त व्हावी. चिडून त्याचं दुकान फोडावं असंही मी म्हणत नाही. कारणं समजून घेतल्याने आपल्यातला सूड कमी होतो, आणि ही विज्ञानाची मोठी देणगी आहे. नुकसानभरपाईचा हक्क मात्र त्याने कमी होत नाही.

राहिला मामांचा दुसरा प्रश्न: देव नसेल तर चांगलं-वाईट कोण ठरवणार? प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस युथिफ्रोला विचारतो, की एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून ती पवित्र, की ती पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? मामांना हेच त्यांच्या भाषेत विचारा. विठोबाने उद्या ‘फसवा’ म्हणून सांगितलं तर फसवणं चांगलं होईल का? मामा तडक म्हणतील, विठोबा असं सांगूच शकत नाही. बरोबर. पण ‘असं सांगूच शकत नाही’ हे मामांना कशावरून कळलं? फसवणूक वाईट आहे हे आधी कळलं, त्यावरून. याचा अर्थ मामांची श्रद्धा खोटी असा होत नाही. मामांना चांगलं-वाईट देवाच्या हुकमाविनाही दिसतं, आणि त्या दिसण्यावर त्यांना जितका विश्वास ठेवायला हवा तितका ते ठेवत नाहीत, एवढाच अर्थ.

देवाशिवाय नीती उभी राहते का, याचं उत्तर आपल्याकडे तरी कल्पनेतून द्यावं लागत नाही. जैनांनी जगाचा कर्ता ईश्वर नाकारला आणि अहिंसेचे नियम इतके कडक केले की पाणी गाळून प्यायले. मीमांसक तर वेद मानणारे, यज्ञ करणारे, पण कुमारिल भट्टांनी सृष्टिकर्त्या ईश्वराच्या बाजूचे युक्तिवाद एकेक करून खोडले आणि धर्माचा विचार त्याच्याशिवाय चालवला.

मी स्वतः निरीश्वरवादाकडे झुकलेला माणूस आहे, म्हणून मामांची खरी ताकद कुठे आहे तेही सांगायला हवं. चूक काय हे कळणं ही एक गोष्ट आणि कळल्यावर तसं वागायचं बळ कुठून आणायचं ही दुसरी. माळ घातल्यावर दारू सुटलेली माणसं खानदेशातल्या प्रत्येक गावात आहेत. दारू वाईट हे त्यांना आधीही ठाऊक होतं. माळेने त्यांना माहिती दिली नाही, सोबत दिली: पहाटेचा काकडा, आषाढीची दिंडी, सप्ताहातली पंगत, आणि आता हा माणूस पिणार नाही असं धरून चालणारं सगळं गाव. तुमच्यासारख्या तरुणाने देव नाकारताना हे बळ कुठून आणणार याचा विचार केलेला असावा. नाकारू नका असं मी म्हणत नाही. त्या जागी काहीतरी उभं करावं लागतं, आणि ते एकट्याने होत नाही.

वाद कसा घालावा, याचं उत्तर न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, आहे. तिथे चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य शोधायला बसतात तो वाद, जिंकायला बसतात तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त पाडायचं ती वितंडा. सप्ताहाच्या मांडवात झाला तो बहुतेक जल्प असावा. पूर्वपक्षाची, म्हणजे समोरच्याची बाजू आधी नीट मांडण्याची, शिस्त पाळून बघा: आधी मामांचं म्हणणं असं मांडा की मामाच म्हणतील, ‘हो, हेच मला म्हणायचं होतं’. मग उत्तर द्या. अमळनेरला 1916 मध्ये प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, देशभरातून विद्वान तिथे येऊन राहिले, साने गुरुजींनीही तिथे काही काळ घालवला. चोपड्याहून अमळनेर जवळ आहे. मित्र सुट्टीला आला की दोघं तिथे जाऊन या.

पण त्याआधी मामांची तक्रार. त्यांच्याशी देवाबद्दल एक शब्द न बोलता विचारा: याच दुकानातून पुढच्या हंगामात दुसऱ्या कोणी पाकीट घेतलं आणि त्याचंही शेत रिकामं राहिलं, तर ती करनी कोणाची? मामांना हे लागेल, कारण माळकरी माणसाला दुसऱ्याचं नुकसान बघवत नाही. बियाण्याची तक्रार आल्यावर शेताची पाहणी आणि पंचनामा करणारी समिती तालुका पातळीवर असते. उगवण खोल पेरल्यामुळे गेली, उष्णतेमुळे गेली की बियाण्यामुळे, हे ती प्रत्यक्ष शेतात बघते. म्हणून खरी वेळ उगवण फसल्याबरोबरची असते, आणि ती तुमच्या हातून गेली आहे. तरी सगळं संपलेलं नाही. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात स्पष्ट केलंय, आणि ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. बिल नाही, पण मामांनी निम्मे पैसे फोनवरून दिले असं तुम्ही लिहिलंय. त्याची नोंद बँकेत सापडेल. घरात रिकामी पाकिटं आणि टॅग पडले असतील तर जपून ठेवा. शेजाऱ्याला विचारा, त्या आठवड्यात त्याची कपाशी कशी होती हे तो लिहून द्यायला तयार आहे का. शिक्षकांचं बिल मागून घ्या, त्यावर लॉट क्रमांक असेल. मामा सही करायला तयार झाले की तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.